पाना-पक्कड : माळ्यावरची माउंटन सायकल आणि ड्रॉप हँडल

या महिन्याच्या पत्रांत निम्म्याहून जास्त जणांना एकच विचारायचं आहे. घरात जुनी स्टीलची माउंटन सायकल पडून आहे; तिला रेसच्या सायकलीसारखं खाली वळलेलं ड्रॉप हँडल लावून लांबच्या प्रवासाची सायकल करता येईल का? म्हणून हा अंक त्यांचा. डिस्क ब्रेक किंचाळतो म्हणून पत्र लिहिणाऱ्यांनी पुढच्या महिन्यापर्यंत कळ काढावी. किमतींचं आधीच सांगतो: इथे लिहिणार नाही. छापून येईपर्यंत त्या बदलतात आणि दुकानदार माझ्या नावानं बोटं मोडतात.

प्रश्न : काका, कॉलेजात असताना वडिलांनी घेऊन दिलेली १८ गियरची स्टीलची माउंटन सायकल माळ्यावर आहे. १९९७ सालची. गंज वरवरचा दिसतो. दिवाळीच्या सुट्टीत सामान लादून कुंभार्ली घाटानं चिपळूणला उतरायचं आणि पुढे किनाऱ्यानं दक्षिणेला जायचं असा बेत आहे. सरळ हँडलवर तासाभरात मनगटं भरून येतात. ड्रॉप हँडल बसवलं की काम झालं ना? नवी टूरिंग सायकल परवडणार नाही.
– माध्यमिक शिक्षक, सातारा

उत्तर : गुरुजी, हँडल हा या कामातला शेवटचा खर्च. आधी सायकल खाली काढा, ओल्या फडक्यानं पुसा आणि भर उन्हात उलटी करून ठेवा. वरचा आणि खालचा दांडा हँडलच्या नळीला जिथे जोडलेत, त्या जोडाच्या लगेच मागे खालच्या बाजूनं बोट फिरवा. तिथे रंगाला आडवी सुरकुती किंवा किंचित फुगवटा लागला, तर ही सायकल कधीतरी समोरून जोरात आदळली आहे. अशा फ्रेमवर एक रुपयाही घालू नका. मग बीबीभोवतीचे, म्हणजे पायडलचा एक्सल बसतो त्या नळीभोवतीचे जोड आणि मागचा एक्सल बसतो ते ड्रॉपआउट भेगांसाठी बघा. आता सीटचा पाइप हलतो का ते बघा. अल्युमिनियमचा पाइप स्टीलच्या फ्रेममध्ये वर्षानुवर्षं बिनग्रीसचा बसला की दोन्ही धातू एकमेकांना धरून ठेवतात. जोडात गंजावरचं पातळ तेल सोडा, दोन-चार दिवस मुरू द्या, मग पिळा. त्यात फ्रेम शिकंज्यात धरायची नाही. पाइप शिकंज्यात धरायचा आणि फ्रेम हातानं फिरवायची.

फ्रेम कुठल्या स्टीलची आहे हे बरेच जण चुंबक लावून बघतात. चुंबक चिकटला म्हणजे स्टील आहे, एवढंच कळतं. क्रोमोली, म्हणजे जास्त ताकदीचं मिश्र स्टील, असेल तर बहुधा दांड्यावरच्या स्टिकरवर ४१३० किंवा तसा काही उल्लेख असतो. स्टिकर उडाला असेल तर सीटच्या पाइपला व्हर्नियर लावा. माप २७.२ मिलिमीटरच्या आसपास आलं तर फ्रेमच्या नळ्या पातळ आणि चांगल्या असण्याची शक्यता जास्त, २५.४ आलं तर जाड, साध्या नळ्या. साधं हायटेन स्टील निघालं म्हणून खट्टू होऊ नका. दोन्ही स्टीलांचा ताठरपणा सारखाच असतो; क्रोमोलीची ताकद जास्त म्हणून नळी पातळ करता येते, वजन वाचतं, इतकंच. तुम्ही कॅरियरवर तंबू आणि डबे लादणार आहात. फ्रेमचं जादा वजन त्यात कुठे हरवलं ते कळणारही नाही.

पहिला खर्च चाकांवर. त्या काळच्या बऱ्याच स्वस्त सायकलींना क्रोम चढवलेल्या स्टीलच्या रिम असायच्या. ओल्या क्रोमवर ब्रेकचं रबर नुसतं घसरतं, आणि दिवाळी लवकर असली तर कोकणात पाऊस पुरता गेलेला नसतो. कुंभार्लीच्या उतारावर, मागे सामान असताना हा प्रयोग नको. अल्युमिनियमच्या २६ इंची रिम, ३६ आऱ्या, आणि मागे दात्यांचा संच आट्यांवर फिरवून बसतो त्या फ्रीव्हीलच्या हबऐवजी, संच सरकवून बसतो तो कॅसेटचा हब घ्या. फ्रीव्हीलच्या हबमध्ये उजवीकडचे छर्रे पार आत असतात, एक्सलचा बराच भाग आधाराशिवाय बाहेर राहतो, आणि लादलेल्या सायकलीचा एक्सल तिथेच वाकतो किंवा तुटतो.

आता तुमच्या फ्रेमची अडचण. मागच्या दोन ड्रॉपआउटमधलं आतलं अंतर मोजा. सहा गियरच्या फ्रेमला ते १२६ मिमी निघण्याची शक्यता आहे; आजचा माउंटनचा हब १३५ मागतो. स्टील असल्यामुळे फ्रेम फाकवता येते, दर बाजूला साडेचार मिमी. हे काम जाणत्याकडूनच करून घ्या आणि झाल्यावर स्वतः दोरीनं तपासा. एका ड्रॉपआउटला दोरी बांधा, पुढे हँडलच्या नळीला वळसा घालून परत दुसऱ्या ड्रॉपआउटला ताणून आणा. सीटच्या दांड्यापासून दोन्हीकडच्या दोरीचं अंतर सारखं आलं पाहिजे. फरक दिसला तर चाक फ्रेमच्या मधोमध बसणार नाही. अल्युमिनियमच्या फ्रेमवर हा उद्योग कधीही करू नये, ती तडकते.

एवढं जमलं की हँडल. आणि इथे मी तुम्हाला आकडेमोड करायला लावणार आहे, कारण पुढचं सगळं समाधान किंवा पश्चात्ताप तिच्यावर ठरतो. सरळ हँडल धरता तेव्हा तळहात जवळपास स्टेमच्या (हँडल धरणाऱ्या दांडीच्या) क्लॅम्पच्या रेषेत असतात. ड्रॉप हँडलवर दिवसातला बहुतेक वेळ हात लिव्हरच्या रबरी टोप्यांवर असतात, आणि त्या क्लॅम्पच्या साधारण १०० मिमी पुढे. स्टेम तोच ठेवलात तर दिवसभर तेवढं जास्त ओणवं व्हावं लागेल. मनगटांसाठी सुरू केलेलं काम मानेवर आणि कमरेवर जाईल. तुमचं नशीब असं की त्या काळच्या माउंटन सायकलींना १२० ते १३५ मिमी लांबीचे स्टेम असत. तिथे ५०-६० मिमीचा बसवलात की साठ-सत्तर मिमी तिथेच परत मिळाले. उरलेलं हँडल वर उचलून मिळवायचं. हँडलची नळी साधारण ७१ अंशांत मागे कललेली असते, त्यामुळे हँडल ३० मिमी वर घेतलं की ते सुमारे १० मिमी मागेही येतं. हँडल निवडतानाही ७० मिमी रीचचं (म्हणजे पुढे तेवढंच जाणारं), ज्याला कॉम्पॅक्ट म्हणतात ते घ्या. जुनी रेसिंगची हँडलं यापेक्षा बरीच पुढे जातात. सीट पुढे सरकवून मात्र हिशेब जुळवायचा नाही. सीटची जागा गुडघे ठरवतात, हात नाही.

विकत घेण्याआधी घरीच बघा. सायकल भिंतीला टेकवून बसा आणि मुलाला तुम्ही काढलेल्या जागी लाटणं आडवं धरायला सांगा. कोपरं किंचित वाकलेली ठेवून ते पाच मिनिटं धरून बसवलं तर पुढे चला.

शेवटची मापं, कारण बाजारात सगळ्यात जास्त फसगत इथे होते. तुमचा स्टेम जुन्या पद्धतीचा, चिमट्याच्या (पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कच्या) नळीत आत जाणारा असणार. एक इंची हेडसेटला (चिमटा ज्या बेअरिंगवर फिरतो त्याला) तो २२.२ मिमी जाडीचा असतो, १⅛ इंचीला २५.४. जुनं माउंटन हँडल मधोमध २५.४ मिमी, ड्रॉप हँडल २६.० किंवा ३१.८. ‘साहेब, अर्ध्याच मिलिमीटरचा फरक आहे, आवळून बसवतो’ असं कुणी म्हणालं तर सायकल उचला आणि बाहेर पडा. मी टूलरूममध्ये नोकरी केली आहे. तिथे अर्ध्या मिलिमीटरला ‘अर्धाच’ म्हणणारा दुसऱ्या दिवशी दिसत नसे. ताणलेला अल्युमिनियमचा क्लॅम्प आज तडकत नाही, घाटात तडकतो. सोपा उपाय म्हणजे चिमट्यात बसणारा अडॅप्टर. त्यानं वर २८.६ मिमीचा खुंट मिळतो, त्यावर आजचा, समोरची पट्टी चार बोल्टांनी उघडणारा स्टेम बसतो. अडॅप्टरवर ‘इथपर्यंत आत हवा’ अशी खूण असते. हँडल उंच करण्याच्या मोहात ती बाहेर दिसू देऊ नका.

जुने ब्रेक-लिव्हर आणि गियरचे खटके नव्या हँडलवर चढणार नाहीत. मुठीपाशी सरळ हँडलची जाडी २२.२ मिमी, ड्रॉपची २३.८. म्हणजे हँडलबरोबर लिव्हर आले, लिव्हरबरोबर ब्रेकचा प्रश्न आला, आणि गियर कुठून बदलायचे हाही. पुढची दोन पत्रं त्याचीच आहेत, तीही वाचा.

प्रश्न : माझ्या सायकलला व्ही-ब्रेक आहेत. ओळखीच्या मेकॅनिकनं ड्रॉप हँडल आणि साधे रेसिंगचे लिव्हर लावून दिले. उभ्या सायकलवर ब्रेक मस्त लागतो, पण चालवताना लिव्हर पार हँडलला टेकतो तरी चाक थांबत नाही. तो म्हणतो नवीन वायर ताणेल, मग बरोबर होईल.
– बँक कर्मचारी, कोल्हापूर

उत्तर : वायर ताणली तर आणखी बिघडेल. आणि तोवर ही सायकल चालवू नका, हे पहिलं.

व्ही-ब्रेक शिमानो या जपानी कंपनीनं १९९६ मध्ये आणला. त्याचे बाहू लांब, १०० मिमीच्या वर असतात, आणि ते मिटवायला वायर बरीच ओढावी लागते. त्यासाठी माउंटनचे लिव्हर जास्त वायर ओढणारे केले. रेसिंगचा साधा लिव्हर त्या मानानं थोडी वायर ओढतो, पण जोरानं. ही जोडी जमवली की दोनच गोष्टी होतात. पॅड रिमला चिकटून ठेवाल तर चाक जरा आउट झालं की घासणार. पॅड दूर ठेवाल तर ब्रेक लागण्याआधी लिव्हर हँडलला टेकणार. मधला रस्ता नाही.

उपाय चार, माझ्या पसंतीच्या क्रमानं सांगतो. व्ही-ब्रेक काढून त्याच खुंट्यांवर कँटिलिव्हर ब्रेक बसवा. तो रेसिंगच्या लिव्हरशी मुळातच जुळतो आणि जाड टायर, मडगार्ड दोन्हींना जागा सोडतो. दुसरा, ब्रेक तेच ठेवून लिव्हर बदला: टेक्ट्रोचा आरएल ५२० हा लिव्हर दिसायला रेसिंगचा, पण व्ही-ब्रेकसाठी जास्त वायर ओढणारा. मागवावा लागेल, पण काम सगळ्यात कमी. तिसरा, ८०-९० मिमी बाहूंचे मिनी व्ही-ब्रेक. चांगले थांबवतात, पण वायर टायरच्या इतकी जवळून जाते की दोन इंची टायरवर मडगार्ड बसवणं विसरा. चौथा म्हणजे ट्रॅव्हल एजंट नावाची छोटी चकती. ब्रेकच्या तोंडाशी बसते, वायर तिच्यावर वळसा घेऊन जास्त ओढली जाते. चालतं, पण वायर तिथेच झिजते आणि चिखल तिथेच साठतो. कोकणात किंवा आंबा घाटात पावसात जाणाऱ्यानं या वाटेला जाऊ नये, असं माझं मत.

कँटिलिव्हर घेतलात तर दोन गोष्टी जास्त लागतील. वायरीचं बाहेरचं आवरण (आउटर) अडवायला पुढे हेडसेटपाशी आणि मागे सीटच्या बोल्टापाशी एकेक हँगर हवा. जुन्या फ्रेमवर मागे तो बऱ्याचदा वेल्डिंग केलेलाच असतो. दोन बाहूंना जोडणारी आडवी वायर जितकी खाली आणाल तितका जोर वाढतो आणि तितकी जास्त वायर ओढावी लागते. लिव्हर हँडलपासून दोन बोटं लांब असताना ब्रेक करकचून लागेल तिथे थांबा. पुढच्या चाकावर मडगार्ड नसेल तर रिफ्लेक्टरची पट्टी तरी ठेवा. मुख्य वायर तुटली तर ही आडवी वायर टायरवर पडते, टायरच्या गुट्ट्यांत अडकली तर चाक जागेवर थांबतं आणि बसणारा पुढे जातो. पट्टी तिला वरच्या वर झेलते.

वायर घेताना टोक बघून घ्या. माउंटनच्या लिव्हरला आडवं नळकांडं लागतं, रेसिंगच्या लिव्हरला निमुळतं बोंड. काही वायरींना दोन्ही टोकांना एकेक असतं. नको ते कापून टाकायचं. चुकीचं टोक ठोकून बसवलेले लिव्हर मी पाहिले आहेत. मेकॅनिकला हे सगळं दाखवा, त्याच्यावर चिडू नका. त्यानं गिऱ्हाइकाला हवं होतं ते लावून दिलं.

प्रश्न : काका, मी इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सायकल स्टीलची, पुढे ४२/३४/२४ दाते, मागे सात गियर, १४ ते २८. ब्रेक-गियर एकत्र असलेले लिव्हर बजेटच्या बाहेर आहेत. शिवाय सगळे म्हणतात की टूरिंगला मोठा टॉप गियर हवा. काय करू?
– विद्यार्थी, नाशिक

उत्तर : बाळा, सगळे म्हणतात ते सपाटीवर म्हणतात. तू वहीत एक तक्ता कर: पुढचे दाते भागिले मागचे दाते गुणिले २६. येणाऱ्या आकड्याला गियर-इंच म्हणतात. तुझा सगळ्यात जड गियर ४२ ला १४, म्हणजे ७८. सगळ्यात हलका २४ ला २८, म्हणजे २२ च्या जरा वर. मागे १४-३४ चं मेगारेंज फ्रीव्हील टाकलंस की हलका गियर १८ वर येतो. त्यावर मिनिटाला ६० फेऱ्या मारल्यास तर ताशी सव्वापाच किलोमीटर. याहून हळू गेलं की लादलेली सायकल डुलायला लागते, म्हणून यापेक्षा हलका गियर घेण्यात अर्थ नाही. वाईहून पसरणी घाट चढताना तुला ७८ च्या गियरची आठवणही होणार नाही. आणि किनाऱ्याचा रस्ता सपाट असतो अशी समजूत असेल तर काढून टाक. दर खाडीशी रस्ता खाली येतो, दाभोळ-धोपावे किंवा तवसाळ-जयगडसारखी फेरीबोट पार केली की समोर उभा चढ, वर सडा, आणि पुढच्या खाडीला पुन्हा तेच. हे चढ घाटापेक्षा आखूड पण जास्त खडे असतात. उताराला तर पायडल मारावंच लागत नाही. पुढचे दाते आहेत तेच राहू दे.

लिव्हरचं सांगतो. एकत्र लिव्हर नकोच घेऊस. साधे ब्रेक-लिव्हर घे आणि गियरसाठी हँडलच्या दोन टोकांत बसणारे बार-एंड खटके; मायक्रोशिफ्टचे मिळतात. घेताना सात गियरचे आहेत का आणि उजव्याला इंडेक्स (एका खटक्याला नेमका एक गियर बदलण्याची सोय) बंद करून घर्षणावर चालवायची सोय आहे का, दोन्ही विचार. लांबच्या प्रवासात ही सोय लाखमोलाची आहे. सायकल एसटीच्या टपावरून आली, मागचा डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर ढकलणारा) लटकतो तो हँगर जरासा वाकला, इंडेक्स बिघडला, तरी घर्षणावर टाकून हातानं शोधत गियर लावता येतो आणि घर गाठता येतं. डावा खटका तर घर्षणाचाच हवा, कारण माउंटनच्या पुढच्या डिरेलरची ओढ रोडच्या एकत्र लिव्हरशी जुळत नाही. मागच्या डिरेलरची चिंता नको. शिमानोचे सात, आठ आणि नऊ गियरचे माउंटन डिरेलर रोडच्या त्याच पिढीच्या खटक्यांवर बिनतक्रार चालतात. दहा गियरच्या माउंटन डिरेलरपासून ओढ बदलली, तेव्हा जुन्या बाजारात ‘एकदम नवीन पीस’ म्हणून कुणी तसला गळ्यात मारू नये एवढं बघ. मेगारेंज लावलंस की चेन नव्यानं मोजून घे: पुढे मोठं, मागे मोठं अशा उलट्या जोडीवर चेन चुकून गेली तरी डिरेलर फाटता कामा नये.

प्रश्न : माझी उंची १५२ सेंमी. नवऱ्याची जुनी १८ इंची फ्रेमची माउंटन सायकल मला हवी तशी करून घ्यायची आहे. सरळ हँडलवर तळहात बधिर होतात. ड्रॉप हँडलनं फरक पडेल ना?
– कॉलेजशिक्षिका, चिपळूण

उत्तर : पडेल, वाईट. ताई, हे करू नका. ती फ्रेम तुमच्या उंचीला आधीच लांब आहे आणि ड्रॉप हँडल हात आणखी पुढे नेणार. कितीही आखूड स्टेम लावला तरी हिशेब जुळत नाही, आणि लहान पंज्याला खालच्या वळणावरून लिव्हर गाठायलाही कसरत होते. वरच्या उत्तरातलं लाटणं धरून बघा, लगेच पटेल.

तुम्हाला हवं आहे ते हात ठेवायला जास्त जागा. त्यासाठी बटरफ्लाय हँडल घ्या, इंग्रजी आठच्या आकड्यासारखं पसरट. त्याच्या नळीची जाडी माउंटनचीच, २२.२ मिमी. त्यामुळे तुमचे ब्रेक-लिव्हर, गियरचे खटके, वायरी सगळं आहे तेच राहतं, आणि हात तीन-चार ठिकाणी ठेवता येतात. घेताना मधला क्लॅम्प २५.४ चाच आहे ना एवढं मोजा. आणि त्याही आधी सीटला लेव्हल लावा. सीटचं नाक खाली झुकलेलं असलं की अंग पुढे घसरतं आणि सगळा भार तळहातांवर येतो. तेवढ्यानंच बधिरपणा गेला तर हँडलचे पैसे वाचले. त्यात चांगली पॅडची चड्डी येईल, जी तुम्हाला गुहागरच्या रस्त्यावर हँडलपेक्षा जास्त उपयोगी पडेल.

प्रश्न : इथे जुन्या सामानाच्या दुकानात १९९० च्या दशकातली स्टीलची रॉकहॉपर माउंटन सायकल मिळाली, कडक (बिनस्प्रिंगच्या) चिमट्याची, कँटिलिव्हर ब्रेकची. ड्रॉप हँडल लावून हिवाळ्यात रत्नागिरीला घेऊन येणार आहे. मित्र म्हणतात रेसच्या सायकलीची ७०० सी चाकं टाक, २६ इंची आता मेली. आणि माउंटन सायकलला ड्रॉप हँडल म्हटलं की हसतात.
– लीड्स, इंग्लंड

उत्तर : हसणाऱ्यांना सांगा की १९८७ ची ब्रिजस्टोन एमबी-१ कारखान्यातूनच ड्रॉप हँडल लावून येत असे. आणि १९९० च्या मोसमात जॉन टोमॅक हा अमेरिकन शर्यतपटू यती सी-२६ सायकलीला ड्रॉप हँडल लावून चक्क माउंटनच्या शर्यतीत उतरला. तो तेव्हा रस्त्यावरच्या शर्यतीही करत होता, दोन्हीकडे बसण्याची ठेवण एक राहावी म्हणून त्यानं ते केलं. त्याच्यामानानं तुम्ही डांबरी रस्त्यानं जाणार आहात.

चाकांचं मात्र मित्रांचं ऐकू नका. २६ इंची माउंटनच्या रिमचा व्यास ५५९ मिमी, ७०० सीचा ६२२. म्हणजे रिम साडेएकतीस मिमी वर सरकली आणि तुमच्या ब्रेकच्या खुंट्या जिथल्या तिथे. पॅड रिमपर्यंत पोचणारच नाहीत. शिवाय जाड टायर मागच्या नळ्यांत मावणार नाही, आणि जाड टायर हेच तर या फ्रेमचं सुख आहे. कोकणातल्या रस्त्यांवर १.७५ ते २ इंची, गुळगुळीत पाठीचा टायर घाला. गुट्ट्यांचा टायर नुसता गुणगुणतो आणि दमवतो. सर्लीचा लाँग हॉल ट्रकर ही खास लांबच्या प्रवासासाठी काढलेली स्टीलची सायकलही २६ इंची चाकांत मिळत असे, त्यामागे जगात कुठेही टायर मिळावा हाच हिशेब होता.

इथे उतरल्यावर दुकानात नुसतं ‘२६ चा टायर’ मागू नका. दुकानदार २६ × १⅜ देईल, तो ५९० मिमीचा, जुन्या लेडीज सायकलींचा. तुमच्या रिमवर तो ढिला राहील. २६ × १½ हा आणखी तिसराच, ५८४ चा. टायरच्या बाजूला लिहिलेल्या आकड्यात शेवटी ५५९ आहे का ते बघून पैसे द्या. एक टायर घडी करून बरोबर आणलात तर उत्तम.

प्रश्न : माझ्या स्टीलच्या माउंटन सायकलला पुढे स्प्रिंगचा चिमटा आहे. तो ठेवून ड्रॉप हँडल चालेल?
– ठाणे

उत्तर : स्वस्त स्प्रिंगचा चिमटा उतारावर ब्रेक मारला की खाली बसतो, त्याच्याबरोबर हँडलही, त्यावर पुढचं कॅरियरही धड बसत नाही. कडक चिमटा घाला, पण एक्सलपासून मुकुटापर्यंतची (चिमट्याचे दोन पाय वर जुळतात तिथपर्यंतची) लांबी जुन्या चिमट्याएवढीच बघून घ्या. २० मिमी आखूड चिमटा लावला की हँडलचा कोन सुमारे एक अंशानं उभा होतो आणि सायकल चपळ, म्हणजे लादल्यावर अस्थिर, होते. चिमट्याच्या पायाशी कॅरियरचे आटे असलेला मिळाला तर तोच घ्या.

प्रश्न : सगळं काम करण्याआधी फ्रेमला पावडर कोटिंग करून घेऊ की नंतर? रंग कोणता चांगला?
– सांगली

उत्तर : नंतर. आधी सायकल जोडा, महिनाभर सामानासकट चालवा. कॅरियरला आटे हवेत, ब्रेकच्या वायरीचा हँगर हवा, बाटलीच्या पिंजऱ्याला जागा हवी, हे चालवल्यावरच कळतं, आणि ते सगळं गॅस वेल्डिंगचं काम. नव्या रंगावर वेल्डिंग केलं की रंग तिथे जळालाच. कोटिंगला देताना बीबीचे आटे, हेडसेटचे कप आणि सीटच्या नळीचं तोंड झाकून घ्यायला सांगा. रंग भट्टीत भाजला जातो, आट्यांत बसला की टॅप फिरवून काढावा लागतो, आणि बीबीचा उजवा आटा उलटा असतो हे टॅप धरणाऱ्याला माहीत असलं तर ठीक. रंग आतून लागत नाही, म्हणून परत आल्यावर नळ्यांच्या आत जवसाचं तेल फिरवून, फ्रेम उलटीसुलटी टांगून निथळू द्या. बीबीच्या तळाशी पाणी निघायचं भोक आहे का बघा. नसेल तर कोटिंगला द्यायच्या आधी पाडून घ्या. रंग तुमच्या आवडीचा. काळा तेवढा नको, त्यावर भेग दिसत नाही.